कामानंतरची संध्याकाळ : खानवेलच्या वनश्रीत

पोटापाण्याच्या उद्योगासाठी घर सोडून चार दिवस परगावी राहणे आता आपल्या खेड्यांतील अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. कोणी यंत्राच्या दुरुस्तीसाठी जातो, कोणी मालाची मागणी नोंदवावयास, तर कोणी हिशेब तपासावयास. दिवस कामात निघून जातो. त्याची चिंता नसते. खरा प्रश्न संध्याकाळचा असतो. कारखान्याचे फाटक मागे पडते, लॉजची खोली परकी वाटते, बोलावयास आपले माणूस नसते आणि जेवणाला अजून दोन-तीन तास असतात. हे तास मनुष्य कसे घालवितो यावर त्याच्या घरचे सुखही पुष्कळसे अवलंबून असते.

सिल्वासाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आहे. दादरा-नगर हवेलीत ती नाही. त्यामुळे रिकाम्या संध्याकाळी एकट्या माणसाचे पाऊल कोठे वळण्याचा संभव असतो, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नको. परंतु त्याच गावातून दक्षिणेकडे निघालेला एक रस्ता सुमारे वीस किलोमीटरांवरील खानवेलला जातो. त्या रस्त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

या मुलखाचा इतिहास थोडक्यात असा. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या बाजूस हटला आणि ११ ऑगस्टला उधवा येथे भारतीय पोलिसांना शरण गेला. १९६१ साली हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. मधल्या काळात करसवलतींमुळे येथे कृत्रिम धाग्याचे, प्लॅस्टिकचे व इतर कारखाने उभे राहिले. जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश. पण त्याचा फार मोठा भाग अजूनही वनाखाली आहे. ज्या गावी धुराडी दिसतात, त्याच गावाहून तासाभरात साग, खैर, ऐन आणि बांबू यांच्या सावलीत जाता येते, हे येथील विशेष होय.

खानवेलजवळून साकरतोंड नदी वाहते व पुढे दमणगंगेस मिळते. लहान टेकड्या, उतरणीवरची शेते, मधूनमधून वारल्यांचे पाडे आणि कुडाच्या भिंतींची घरे असे तेथील रूप आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण पळस केशरी फुलांनी पेटल्यासारखा दिसतो. त्यानंतर मोहाची फुले गळू लागतात व भल्या पहाटे ती वेचणाऱ्या बाया-मुले झाडाखाली दिसतात. पावसाळ्यात सागाच्या शेंड्यांवर पांढरट फुलांचे तुरे येतात. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात कामावर पाठविले गेले, तरी पाहण्यासारखे काही ना काही असतेच.

कामानिमित्त गेलेल्या माणसाने रान पाहणे ही केवळ करमणूक आहे, असे कोणी समजू नये. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) तरुणपणी ब्रह्मदेशातील तवाय येथे गेले, ते कुटुंबाचा खाणींचा व इमारती लाकडाचा कारभार पाहण्यासाठी. त्या धंद्याने नव्हे, तर सभोवतीच्या अरण्याने त्यांना घडविले. १९१७ साली ते मुंबईस परतले. तेव्हा व्यापारी शिक्षण घेणाऱ्या या तरुणाचा खरा ओढा ओळखून त्यास प्राणिशास्त्राकडे वळविले, ते सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी. पुढे त्याच महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी अध्यापन सांभाळून खंडाळ्याच्या डोंगरातील वनस्पतींची पाहणी केली व त्यांवर ग्रंथ लिहिला. नेमून दिलेले काम आणि मनाचा छंद एकाच दिवसात नांदू शकतात, हे या थोरांच्या चरित्रांवरून दिसते.

आता छायाचित्रणाविषयी. त्यासाठी महागडा कॅमेरा हवाच असे नाही. खिशातला मोबाइल पुरेसा आहे. मात्र त्याची मर्यादा ओळखावी. दूरच्या फांदीवरचा खंड्या त्यात निळ्या ठिपक्याएवढा येईल. उलट पानाच्या शिरा, खोडाची साल, कोळ्याचे जाळे, नदीवरचा तिरपा प्रकाश ही त्याची खरी क्षेत्रे होत. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. सूर्य कलला की बाजूने येणाऱ्या उन्हात ती प्रत्येक भेग उठून दिसते. भर दुपारी तेच चित्र सपाट येते. सूर्यास्तापूर्वीचा एक तास म्हणूनच मोलाचा. डिसेंबरात येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मे महिन्यात सातनंतर. हिवाळ्यात काम उशिरा सुटत असेल, तर कामापूर्वीची सकाळ धरावी.

तीन संध्याकाळी मिळाल्या, तर तीन ठिकाणी धावू नये. नदीचे एकच वळण तीन वेळा पाहावे. पहिल्या दिवशी केवळ पाणी दिसते. दुसऱ्या दिवशी बगळा कोणत्या दगडावर उभा राहतो ते कळते. तिसऱ्या दिवशी तो येण्यापूर्वीच आपण तेथे शांत बसलेले असतो.

दुसरी गोष्ट, नाव विचारावे. वारली बोली मराठीला जवळची आहे. गुरे घेऊन परतणाऱ्या एखाद्या बाबांना ‘बाबा, ह्या झाडाला काय म्हणता?’ असे आदराने विचारले, तर झाडाचे नाव, लाकडाचा उपयोग आणि औषधी गुणही कळू शकतो. ते वहीत टिपून ठेवावे. नावावाचूनचे चित्र चार दिवसांत विसरले जाते. आणि माणसांचे चित्र घ्यावयाचे झाल्यास आधी परवानगी मागावी. डोक्यावर मोळी घेऊन चाललेली बाई ही कोणाची तरी आई आहे. ती देखाव्याचा भाग नव्हे.

खानवेलहून आणखी तितकेच पुढे गेले की दुधनीला दमणगंगेचा विस्तीर्ण जलाशय लागतो. मधुबन धरणाचे हे पाणी संध्याकाळी फार रमणीय दिसते. पण त्या निळ्या पाण्याखाली शेते आणि घरांच्या जागा बुडालेल्या आहेत, व ती सोडून गेलेल्या कुटुंबांनी अन्यत्र नव्याने संसार मांडले आहेत. चित्र काढणाऱ्याने हे जाणावे. तसे केल्याने पाण्याचे सौंदर्य उणे होत नाही. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र अधिक खोल होते.

काही नियम कटाक्षाने पाळावेत. येथील वनाचा काही भाग अभयारण्य आहे. तेथे प्रवेशासाठी व छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी. घरट्याजवळ जाऊ नये, चित्र चांगले यावे म्हणून फांदी मोडू नये. या रानात बिबट्या आहे, सापही आहेत. म्हणून अंधार पडण्यापूर्वी रस्त्यावर यावे, विजेरी जवळ बाळगावी आणि आपण कोठे जातो हे लॉजवर सांगून निघावे.

घरी परतल्यावर रात्रीच्या जेवणानंतर ही चित्रे मुलांना दाखवावीत. सागाचे कोवळे पान चुरडले की बोटे तांबडी होतात, विड्यातला कात खैरापासून निघतो, हे त्यांना सांगावे. मग ती आपल्याच वाडीतल्या झाडांची नावे विचारू लागतील, आणि त्यांतली काही आपल्यालाही ठाऊक नाहीत असे आढळेल. ती आजी-आजोबांस विचारावीत. बाप परगावी काय करतो, हे मुलांना सहसा कळत नाही; पण त्याने तेथे काय पाहिले, हे त्यांना चांगले कळते. पत्नीलाही मग त्याच्या संध्याकाळची काळजी करावी लागत नाही.