कयाक, तंबू आणि एक रात्र: भंडारदऱ्याला निघण्याआधी काय तपासाल?

थंडी सुरू झाली की रील्सचा एक ठरलेला प्रकार फोनवर फिरू लागतो. धुक्यातला जलाशय, त्यात एकटी कयाक, काठावर केशरी तंबू आणि पत्र्याच्या मगमधली कॉफी. सह्याद्रीतल्या धरणांच्या काठांवर कॅम्पिंग आता नवे राहिलेले नाही. नवे आहे ते स्वतः वल्हवत त्या काठापर्यंत जाणे. सामान होडीत, रात्र पलीकडच्या तीरावर, सकाळी परत. भाड्याने प्लॅस्टिकच्या कयाक मिळतात आणि फुगवायच्या कयाक गाडीच्या डिकीत मावतात, त्यामुळे हा बेत पूर्वीइतका अवघड उरलेला नाही.

पण तंबू कोणता घ्यायचा यावर जितकी चर्चा होते, तितकी वारा आणि बंधारा या दोन गोष्टींवर होत नाही. २०२४ च्या मे महिन्यातल्या दोन घटना त्यासाठी आठवायला हव्यात. २१ मे रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाच्या तीन जणांचा मृत्यू झाला. पहिल्या घटनेत घात वाऱ्याने केला, दुसरीत बंधाऱ्याजवळच्या पाण्याने. छोट्या सहलीचा आराखडाही याच दोन प्रश्नांभोवती आखावा लागतो.

पहिल्यांदा भंडारदराच का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरेवर बांधलेले विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यामागचा आर्थर जलाशय म्हणजेच आपला भंडारदरा. साठवण क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. घाटघर-रतनवाडीच्या मुसळधार पावसामुळे तो बहुतेक वर्षी ऑगस्टमध्येच काठोकाठ भरतो. मुंबईहून कसारा-घोटीमार्गे आणि पुण्याहून संगमनेरमार्गे शनिवारी पहाटे निघून पोहोचता येते.

नवख्यांसाठी त्याचा मोठा फायदा मात्र निसर्गसौंदर्याशी संबंधित नाही. या जलाशयाभोवती रस्ता फिरतो. धरणाजवळचे शेंडी, मग मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावे त्या रस्त्यावर आहेत. म्हणजे वारा सुटला, कोणाचा खांदा भरून आला किंवा कयाकमधली हवा गेली, तर काठाला लागून चालत रस्ता गाठता येतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयात पश्चिमेच्या काठावर अभयारण्याचे जंगल आहे. तिथे ही सोय नाही. पहिल्या सहलीसाठी जागा निवडताना ‘फोटो कसे येतील’ याआधी ‘बाहेर कुठून पडता येईल’ हे बघावे ते यासाठी.

कयाक की कनू?

कनू म्हणजे वरून उघडी, रुंद होडी. वल्ह्याला एकाच बाजूला पाते. कॅनडा आणि अमेरिकेतल्या सरोवरांवर आठवडाभराच्या मुक्कामाला हीच वापरतात, कारण तिच्यात सामान भरपूर मावते आणि दोन सरोवरांमधल्या जमिनीवरून ती खांद्यावर उचलून नेता येते. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. आपल्याकडे भाड्याने मिळतात त्या बहुतेक ‘वर बसायच्या’ कयाक. उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही, त्यामुळे शिकाऊ माणसाला ती सोयीची. सामान मात्र उघड्यावर बांधावे लागते.

प्रत्येक होडीवर कमाल वजनाचा आकडा असतो. तो गाठायचा नसतो. माणसे आणि सामान मिळून त्याच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवा. त्यापुढे होडी पाण्यात खाली बसते, लाटा आत येतात आणि वळवताना हात भरून येतात.

वाऱ्याचे गणित

सकाळचा जलाशय आरशासारखा आणि दुपारचा खवळलेला, यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन तळाशी बसून राहते. वरून वाहणारा वेगवान वारा तिच्यात मिसळत नाही. ऊन चढले, जमीन तापली की हवेची वर-खाली घुसळण सुरू होते आणि वरचा वारा पाण्यापर्यंत उतरतो. म्हणून वल्हवण्याचे तास सकाळचेच. डिसेंबरमध्ये साडेसातला पाण्यात उतरा आणि अकराच्या आत काठाला लागा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १० किलोमीटरचा वारा गालाला बरा वाटतो. २० ला तीच कयाक जागची हलेनाशी होते. नवखा माणूस शांत पाण्यात ताशी तीन-चार किलोमीटर वल्हवतो. समोरचा वारा असेल तर त्याच्या निम्मे धरा. शिवाय वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणजे लाटेचे मूळ जवळच्या काठाशी नसते, वारा येतो त्या दिशेच्या दूरच्या टोकाशी असते.

अंदाज पाहताना एक गफलत नेहमी होते. विंडीसारख्या अॅपवर वेग अनेकदा नॉटमध्ये दिसतो. एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर. ‘फक्त १० नॉट’ म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, आणि सरासरीशेजारी झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो. पाहायचा तो झोताचा. तो २० किलोमीटरच्या वर असेल तर नवख्यांनी होडी गाडीवरून उतरवूच नये. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये असू द्या. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारनंतर अचानक चढतात. उजनीची दुर्घटना अशाच दिवसांतली. त्यामुळे या सहलीचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य.

आणखी एक. अंदाज जाण्याच्या दिवसाचा सगळेच बघतात. परतीच्या सकाळचा आधी बघा. शेंडीहून रतनवाडीकडे जाताना तोंड पश्चिमेकडे, येताना पूर्वेकडे असते. जाताना पाठीशी असलेला वारा रविवारी त्याच दिशेने राहिला, तर तो तोंडावर येतो आणि तेव्हा हात आदल्या दिवसाचे थकलेले असतात.

परवानगी कोणाची?

इथे उत्तर एका ओळीत मिळत नाही. पाणी आणि धरणाची जमीन जलसंपदा विभागाची. आजूबाजूचा मोठा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, म्हणजे वन विभागाचा. काठावरच्या बऱ्याच कॅम्पसाइट खासगी शेतांत. पाणी उतरल्यावर जी गाळाची जमीन उघडी पडते, ती रिकामी दिसली तरी कोणाचीच नाही असे नसते. कॅम्पवाल्याने तंबूचे पैसे घेतले म्हणजे होडीची परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. स्वतःची कयाक नेणार असाल तर धरणाच्या शाखा कार्यालयात आणि वन विभागाकडे आधी विचारा. मुक्कामासाठी गावातल्या शेतमालकाशी बोलून जागा ठरवलेली बरी. रात्री मदतीची वेळ आली तर हाक मारायला तेच घर जवळ असते.

तंबू कुठे, होडी कुठे?

हिवाळ्यात धरणाची पातळी वाढत नाही, उतरते. शेतीसाठी आवर्तन सुटले की पाणी रोज थोडे मागे सरकते. हा ‘थोडे’ फसवा असतो. काठाचा उतार २० ला १ असेल, तर पातळी १० सेंटीमीटर खाली गेली की काठ दोन मीटर मागे जातो. सकाळी उठून पाहावे तर होडी आणि पाणी यांच्यामध्ये गुडघाभर गाळ. त्यासाठी मातीचा नव्हे, मुरमाड किंवा खडकाळ काठ निवडा. होडी पूर्ण बाहेर ओढून, उलटी करून, झाडाला बांधा. रिकाम्या कयाकला वारा सहज उडवून पाण्यात नेतो.

उथळ पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट असतात. फुगवायच्या कयाकसाठी ते चाकूसारखे. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळे आहे असे समजा. ते स्थानिक मच्छीमारांचे दिवसाचे उत्पन्न असते, त्यावरून होडी नेऊ नका.

सामानाची यादी इंटरनेटवर हवी तितकी लांब मिळते. खरे महत्त्व दोन गोष्टींना. रात्रीचे कोरडे कपडे आणि झोपायची पिशवी ओली होता कामा नये. काठावर थंडीत पारा १० अंशांच्या आसपास उतरू शकतो. महागडी ड्राय बॅग नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून तोंड पिळून बांधल्या तरी काम होते. आणि पाणी: माणशी दिवसाला चार लिटर. जड वस्तू तळाशी आणि मध्ये. जेवणाला मेतकूट-भात किंवा घरून नेलेले थालीपीठ पुरते. बार्बेक्यूची शेगडी घरी राहिली तर कोणाचे काही बिघडत नाही. अभयारण्यालगत शेकोटीऐवजी गॅसचा छोटा स्टोव्ह वापरा.

उलटली तर?

लाइफ जॅकेट होडीत ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे. घातल्यावर दुसऱ्याला खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर पाण्यातही ते डोक्यावरून निघेल. पट्टे आवळा किंवा दुसरे मागा. शिट्टी जॅकेटलाच बांधा.

होडी उलटली की ती सोडायची नाही. काठ नेहमी आहे त्यापेक्षा जवळ वाटतो आणि पोहता येणारी माणसेच त्या अंदाजावर विसंबून निघतात. उलटी कयाक तरंगते, लांबून दिसते, धरायला मिळते. निघण्याआधी काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात एकदा मुद्दाम उलटून, पुन्हा सरळ करून, वर चढून बघा. हे जमले नाही तर त्या दिवशी काठाकाठानेच फिरा. एकटी होडी नेऊ नका, किमान दोन हव्यात.

जलाशयाच्या आतल्या बाजूला मोबाइलची रेंज तुटते. घरच्या एकाला आणि गावातल्या एकाला मार्ग, मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ लिहून पाठवा. ‘रविवारी दुपारी एकपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव’ असे स्पष्ट. ‘पोचलो की सांगतो’ यावर कोणी शोध सुरू करत नाही.

आणि नदी?

धरणाखालची प्रवरा नकाशावर मोहक दिसते. पण काही किलोमीटरवर रंधा धबधबा आहे, पुढे निळवंडे धरण आणि त्यापुढे बंधाऱ्यांची रांग. कयाकसाठी हा मार्ग नाही.

बंधाऱ्याचा धोका वरून येणाऱ्याला दिसत नाही, हीच मुख्य अडचण. होडीतून समोर फक्त पाण्याची एक सरळ, शांत रेघ दिसते. पलीकडे पडणारे पाणी तळाशी आपटते, वर येते आणि पृष्ठभागावरून उलट भिंतीकडे वळते. त्या फिरत्या पाण्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीखाली ओढली जाते. शिवाय तिथल्या पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की त्याची तरंगवण्याची ताकद कमी होते आणि लाइफ जॅकेटही नेहमीइतके वर उचलत नाही. भिंत माणसाच्या उंचीची असली तरी हेच घडते.

म्हणून कोणत्याही नदीवर जाण्याआधी उपग्रह नकाशावर संपूर्ण टप्पा बोटाने सरकवत बघा. पात्राला आडवी पांढरी रेघ दिसली की तो बंधारा किंवा धबधबा. त्याच्या किमान २०० मीटर आधी काठाला लागायचे आणि होडी उचलून, वळसा घालून खाली न्यायची. जागा पायी जाऊन आधी पाहिलेली नसेल तर तो टप्पा वगळायचा.

विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. ‘एक हजार क्युसेक’ ही बातमीत किरकोळ वाटणारी संख्या. प्रत्यक्षात ते दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. आवर्तन रात्रीही सुटू शकते, त्यामुळे नदीपात्रातल्या बेटावर किंवा वाळूवर तंबू लावू नका.

वाहत्या पाण्यात शिकायचेच असेल तर रायगडमधल्या कोलाडची कुंडलिका बरी. मुळशी जलाशयाचे पाणी घाट उतरून भिरा वीजगृहात येते, वीज तयार करून कुंडलिकेत सोडले जाते आणि त्या सोडलेल्या पाण्यावरच तिथले राफ्टिंग चालते. पाणी वेळापत्रकाने येते, सोबत प्रशिक्षक असतात, नदी त्यांच्या रोजच्या पायाखालची असते. वीजगृह बंद तर प्रवाहही नाही, त्यामुळे निघण्याआधी फोन करावा लागतोच.

परत आल्यावर

कयाक घरी आणून तशीच गुंडाळून ठेवू नका. उजनी, मुळा, पवना, इंद्रायणीत जलपर्णीने काय केले आहे ते सगळ्यांनी पाहिले आहे. तिचा छोटा तुकडाही नव्या पाण्यात रुजतो आणि होडीच्या खाचेत, दोरीच्या गाठीत किंवा वल्ह्याच्या सांध्यात तो सहज अडकून येतो. होडी स्वच्छ पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात कोरडी करा. त्यानंतरच ती दुसऱ्या जलाशयात उतरवा.