ताटलीएवढं टोक, सतरंजीएवढं अंग

वसई-अर्नाळ्याकडचे कोळी डोल जाळ्यासाठी समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकतात. भरती-ओहोटीचा सगळा ओढा जाळ्यावाटे त्या खुंटावर येतो, तरी तो उपटत नाही. त्याला धरून कोण ठेवतं? खडक? छे, भोवतीचा चिखल!

हाच चिखल घराचं ओझंही पेलतो. २० सेंटिमीटर जाडीचा, ८ मीटर लांबीचा एक गोल काँक्रीटचा पाइल, म्हणजे जमिनीत ठोकायचा खांब, घ्या. माती अशी मऊ, की अंगठा सहज रुतावा. तिची ताकद चौरस मीटरला २ टन धरू. आपल्याला वाटतं, सगळं वजन टोकावर जात असेल, काठी टेकून उभं राहावं तसं. मांडून बघा. टोकाखालच्या मातीला आजूबाजूची माती सरकू देत नाही, म्हणून तिथे ताकदीच्या ९ पट धरतात. एवढा सढळ हात ठेवूनही टोक पडलं ताटलीएवढं; पदरात येतो जेमतेम अर्धा टन.

आता अंग बघा. पाइलची साल सोलून अंथरली, तर ५ चौरस मीटर भरेल, चांगली सतरंजीएवढी. दर चौरस मीटरला २ टन, म्हणजे १० टन! सुरक्षिततेसाठी बेरजेला अडीचने भागा, तरी ४ टन उरतात. तीन मोटारी, आणि त्याही अंगठा रुतणाऱ्या मातीच्या जिवावर!

गंमत म्हणजे कडक माती इतकी दिलदार नसते. ठोकलेल्या पाइलभोवती तिच्यात फट राहू शकते, त्यामुळे ती आपल्या ताकदीचा काही हिस्साच देते. मऊ चिखल मात्र अंगाला चिकटून जवळजवळ सगळी देऊन टाकतो.

पण ते २ टन कळले कसे? चार पात्यांची एक रवी जमिनीत खुपसतात आणि हळूहळू पिळतात. माती तुटते त्या क्षणीच्या पिळावरून तिची ताकद काढतात. मग तीच रवी भराभरा फिरवून पुन्हा मोजतात. घुसळलेली माती निम्म्यावर येते, कधी पाव हिश्शावर.

इथेच पंचाईत आहे. पाइल ठोकणं म्हणजे तरी काय? मातीला घुसळणंच! भोवतीच्या मातीतलं पाणी दबतं, पकड ढिली पडते. ठोकल्या दिवशी पाइल तपासला, तर तो नापासही होऊ शकतो. थांबा मात्र. पाणी हळूहळू झिरपून जातं, माती पुन्हा आवळत येते आणि दिवसागणिक पाइलची ताकद वाढते. कोणी त्याला हात न लावता! बारीक पाइल इथे बाजी मारतो. जाडी निम्मी, तर सावरायला वेळ चौथा हिस्सा.

मात्र हाच चिखल उलटतोही. नवी मुंबईसारख्या ठिकाणी खाडीच्या गाळावर भराव टाकला, की त्या ओझ्याने गाळ वर्षानुवर्षं खचत राहतो. पाइल जागेवर, माती खाली चाललेली. मग जी मिठी त्याला तोलून धरत होती, तीच खाली ओढू लागते. आपल्या पाइलचा वरचा ३ मीटर भाग अशा खचत्या गाळात असेल, तर सुरुवातीला जमेत धरलेले पावणेचार टन सरळ नावे टाकावे लागतात.