देह, मातृत्व आणि ख्रिस्ती प्रतिभा

ख्रिस्ती धर्म हा मूलतः देहाचा तिरस्कार करणारा धर्म आहे, असा एक समज आपल्याकडील साहित्यचर्चेत रूढ आहे. मठवास, उपवास, ब्रह्मचर्य यांच्या इतिहासाने त्या समजाला पुष्कळ आधार पुरविला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी ईश्वराने एका स्त्रीच्या उदरी जन्म घेतल्याची कथा आहे, तिला देहाकडे पाठ फिरविणे वाटते तितके सोपे नसते.

हा पेच फार जुना आहे. दुसऱ्या शतकातील मार्सियनला ख्रिस्त हवा होता. त्याचा जन्म मात्र नको होता. गर्भाशय, रक्त, प्रसूती यांचा ईश्वराशी संबंध जोडणे त्याला किळसवाणे वाटे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनने त्याला उत्तर दिले, आणि ते देताना प्रसूतीचे वर्णन सौम्य करण्याचे कटाक्षाने टाळले. ज्याची तुला घृणा वाटते त्याच अवस्थेतून तूही आलास. ख्रिस्ताने मनुष्यावर प्रेम केले ते त्याच्या जन्मासकट, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. स्त्रियांविषयी अन्यत्र अत्यंत कठोर लिहिणाऱ्या लेखकाच्या हातून हे लिहिले जावे, हा एक विलक्षण योग म्हणावयाचा.

देहाला ‘देणगी’ म्हणणे एरवी केवळ अलंकारिक वाटते. परंतु मातृत्वाच्या बाजूने पाहिले की त्या शब्दाला अस्थिमांस प्राप्त होते. आपला देह आपण कमावलेला नसतो. दुसऱ्या एका देहाने नऊ महिने स्वतःतून काढून तो आपल्याला दिलेला असतो. जी स्त्री आई होते तिला हे दोन्ही अंगांनी कळते : आपल्याला मिळालेली वस्तू आपणच पुढे देत आहोत, आणि दिल्यावर ती आपली राहत नाही.

ही जाणीव वाङ्मयात सर्वांत समर्थपणे कोणी मांडली असेल तर ती इंग्लंडमधील नॉरिचच्या ज्युलियनने. १३७३ च्या मे महिन्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, मरणाच्या दारात असताना तिला काही दर्शने झाली. पुढे सुमारे वीस वर्षे त्यांचे चिंतन करून तिने आपला दीर्घ ग्रंथ सिद्ध केला. ती स्वतः आई होती की नाही, याविषयी पुरावा नाही. तिने ख्रिस्ताला आई म्हटले. ही कल्पना तिची एकटीची नव्हे. अकराव्या शतकातील अँसेल्मच्या प्रार्थनेतही ती आढळते. ज्युलियनचे वैशिष्ट्य असे की, तिने ती शरीरापर्यंत नेली. क्रूसावरील वेदना म्हणजे प्रसववेदना. आई दूध पाजते, तर ख्रिस्त प्रभुभोजनात स्वतःलाच अन्न म्हणून देतो. एके ठिकाणी तर ती अन्नपचन आणि मलोत्सर्ग यांचा उल्लेख करून, तेथेही ईश्वर आपली सेवा करण्यास कमीपणा मानीत नाही, असे सुचविते. दीर्घ पाठाच्या सर्वच हस्तलिखितांत हा भाग सापडत नाही! लेखनिकालाही मार्सियनचीच शंका आली असावी, असे वाटून जाते.

मराठी वाचकाला ख्रिस्ताचे आईपण परके वाटू नये. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेतच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणून हाक मारली. तरीही भेद लक्षात घेतला पाहिजे. आपल्या ‘माउली’त वात्सल्याचा ओलावा प्रधान आहे, ज्युलियनच्या आईत वात्सल्याइतकेच बाळंतपणाचे कष्टही आहेत.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. ज्या स्त्रीचे शरीर बाळंतपणांनी खंगले, जिला मूल झाले नाही किंवा ज्या मातेचे मूल दगावले, तिला ‘तुझा देह देणगी आहे’ असे सांगणे हा उपदेश की क्रूर थट्टा? देणगीची भाषा स्त्रीचे तोंड बंद करण्यासाठी पुष्कळदा वापरली गेली आहे. लूकच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. गर्दीतील एक स्त्री येशूच्या मातेच्या उदराला आणि स्तनांना धन्य म्हणते. येशू ती धन्यता देवाचे वचन ऐकून पाळणाऱ्यांकडे वळवितो. मातृत्वाचा येथे अधिक्षेप नाही. पण स्त्रीची किंमत तिच्या कुशीवर ठरविण्यालाही येथे थारा नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या अंगाने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने गांजलेल्या घरात त्या वाढल्या. तेथे परक्याचा देह म्हणजे विटाळाची शक्यता. पुढे त्यांच्याच घरात पोटच्या मुलाबरोबर अनाथ, परकी मुले वाढली. या स्थित्यंतराचे तत्त्वज्ञान लक्ष्मीबाई सांगत बसत नाहीत. त्या मुलांचे खाणेपिणे, आजारपण आणि खोड्या सांगतात, मध्येच स्वतःला हसतात आणि पुढच्या हकिगतीकडे वळतात.