मोठ्या शिकारीचे काडतूस हाताने भरताना

जखमी झालेला आफ्रिकी रानरेडा झुडपातून वळून अंगावर येतो, तेव्हा शिकाऱ्याच्या हाती जेमतेम दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्या अवधीत चाप ओढताच बार उडाला पाहिजे, गोळी नेम धरला तेथेच गेली पाहिजे, ती हाड फोडून आत शिरली पाहिजे आणि रिकामी पुंगळी बाहेर पडून दुसरे काडतूस नळीत आले पाहिजे. यांतील एक गोष्ट जरी चुकली, तरी तिची किंमत एकट्या शिकाऱ्याला मोजावी लागत नाही. त्याच्या पुढे चालून माग काढणारा स्थानिक माणूसही त्यात सापडतो. म्हणूनच हत्ती, रानरेडा अशा जनावरांच्या रायफलीचे काडतूस कसे भरावे, हा प्रश्न त्या वर्तुळात शंभर वर्षे चर्चिला जात आहे.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ पासून या विषयावर पडदा टाकला. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. बोत्सवानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठवली. टांझानिया, झिम्बाब्वे, नामिबिया, दक्षिण आफ्रिका या देशांत मात्र परवाना आणि शुल्क घेऊन अशी शिकार चालते. तिच्या नैतिकतेचा वाद वेगळा आहे आणि तो मिटलेला नाही. पण शिकार होणारच असेल, तर जनावर जखमी होऊन रानात न भटकता जागीच पडावे, याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत व्हावे. तेथील नियमही हलक्या रायफलीला परवानगी देत नाहीत. अशा जनावरांसाठी नळीचा व्यास साधारणपणे ०.३७५ इंच किंवा त्याच्या आसपास तरी असावा लागतो.

कोकणातल्या किंवा घाटावरल्या जुन्या शिकाऱ्यांना ठासणीच्या बंदुकीत बार भरण्याचे कसब ठाऊक होते. येथे तत्त्व तेच असले, तरी काम सोनाराच्या तराजूचे आहे. एकदा उडवलेली पितळी पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, तळाशी नवे प्रायमर बसवायचे, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. कारखान्याचे तयार काडतूस मिळत असताना हा उद्योग कशासाठी? एक तर मोठी काडतुसे अतिशय महाग असतात आणि सरावाशिवाय अशी रायफल हाताळणे धोक्याचे. दुसरे म्हणजे प्रत्येक रायफलीचा स्वभाव निराळा असतो. शिवाय किनोक या ब्रिटिश कंपनीने १९६० च्या दशकात मोठ्या काडतुसांचे उत्पादन थांबवले, तेव्हा शेकडो जुन्या रायफली उपाशी पडल्या. त्यांना जगवले ते घरी काडतुसे भरणाऱ्यांनीच.

निवडीची सुरुवात दारूपासून न होता गोळीपासून होते. गोळ्यांच्या दोन मुख्य जाती आहेत. मऊ टोकाची गोळी आत शिरताच फुलते आणि रुंद जखम करते. ‘सॉलिड’ म्हणून ओळखली जाणारी टणक गोळी आकार न बदलता सरळ खोलवर जाते. हत्तीच्या कवटीतील जाळीदार हाड ओलांडून मेंदूपर्यंत पोचायचे, तर दुसऱ्या जातीला पर्याय नाही. वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या लहानशा रायफलीने. त्याला शरीररचनेचे ज्ञान होते आणि टणक आवरणाच्या, न वाकणाऱ्या लांब गोळ्या तो वापरत असे. त्याचे उदाहरण देऊन लहान रायफलीचे समर्थन करणारे आजही भेटतात. पण बेल निवांत उभ्या असलेल्या हत्तीवर नेम धरत होता, अंगावर येणाऱ्या रेड्यावर नव्हे, हे ते सोयीस्करपणे विसरतात. आता पितळ किंवा तांब्याच्या एकसंध, चपट्या टोकाच्या गोळ्या मिळतात. गोल टोकाच्या गोळीपेक्षा त्या शरीरात अधिक सरळ जातात.

मात्र या गोळ्यांमुळे नवाच पेच निर्माण होतो. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती पुंगळीत खोल बसते आणि दारूची जागा खाते. ही अडचण किती महागात पडू शकते, हे .४५८ विंचेस्टर मॅग्नमच्या कहाणीतून दिसते. १९५६ मध्ये हे काडतूस बाजारात आले, तेव्हा ५१० ग्रेनची गोळी सेकंदाला २१३० फूट वेगाने जाईल, असा कंपनीचा दावा होता. इंग्रजी दुनळी रायफली मूठभर श्रीमंतांनाच परवडत. त्यांचे काम साध्या रायफलीत करणारे हे काडतूस हातोहात खपले. परंतु पुंगळी अवघी अडीच इंचांची. एवढा वेग गाठण्यासाठी बारीक दाण्यांची दारू तीत दाबून भरावी लागे. कालांतराने ती दारू घट्ट होऊन तिचे ढेकूळ बनते आणि नीट पेटत नाही, अशा तक्रारी आफ्रिकेतून येऊ लागल्या. शिकाऱ्यांच्या छोट्या नळ्यांतून प्रत्यक्ष वेग बरेचदा दोन हजार फुटांच्याही खाली भरत असे.

जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जबर जखमी केले. त्यानंतर त्याने अधिक ताकदीच्या काडतुसाचा ध्यास घेतला आणि १९७१ च्या सुमारास २.८ इंच लांब पुंगळीचे .४५८ लॉट तयार झाले. ५०० ग्रेनची गोळी त्यातून सेकंदाला २३०० फुटांच्या आसपास जाते, तीही दारू ठासून न भरता. जुनी .४५८ बाळगणाऱ्यांना रायफल बदलायची नसेल, तर एक उपाय आहे: गोळी ४५० ग्रेनची निवडावी, जेणेकरून आत जागा उरते. पन्नास ग्रेन कमी झाल्याने रेड्याला फरक जाणवत नाही. दारू न पेटल्यास शिकाऱ्याला नक्कीच जाणवतो.

दुसरा शत्रू म्हणजे ऊन. दारू तापली की ती अधिक जोराने जळते आणि दाब वाढतो. दाबाने फुगलेली पितळी पुंगळी नळीच्या भिंतीला चिकटून बसते. मग बोल्ट उघडत नाही आणि हातातली रायफल लाठीच्या लायकीची उरते. युरोपातील थंडीत अचूक ठरलेले काडतूस झांबेझीच्या खोऱ्यात ऑक्टोबरच्या उन्हात, गाडीत तासभर तापल्यावर वेगळेच वागते. हे ब्रिटिशांना लवकर उमगले होते. १८८९ चे कॉर्डाइट म्हणजे नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांच्या शेवयांसारख्या काड्या. उष्णतेला ते फार संवेदनशील, म्हणून भारत आणि आफ्रिकेसाठी दारू थोडी कमी घातलेली खास काडतुसे निघत. १९११ मध्ये रिग्बी कंपनीने .४१६ ची पुंगळी मुद्दाम ऐसपैस ठेवली, ती याच कारणाने: मोठी पुंगळी, कमी दाब, सहज निघणारे काडतूस. म्हणूनच अनुभवी माणूस पुस्तकातील कमाल मापापर्यंत जात नाही. कमी मापापासून थोडे थोडे वाढवत जायचे, अपेक्षित वेग मिळाला की थांबायचे, आणि मग तीच काडतुसे कडक उन्हात तपासायची. शेवटच्या पन्नास फुटांच्या वेगासाठी आग्रह धरण्यात शहाणपण नाही.

दुनळी रायफलीचे गणित तर आणखी नाजूक. या रायफलींच्या इतिहासात भारताचा मोठा वाटा आहे. मार्टिनी-हेन्री रायफलीची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत, म्हणून सरकारने १९०७ च्या सुमारास ०.४५० इंची रायफलींच्या आयातीला भारतात बंदी केली. वाघ मारणाऱ्या साहेबांची आणि संस्थानिकांची गैरसोय झाली. इंग्लंडच्या कारागिरांनी मात्र लगोलग.४६५, .४७० आणि .४७६ अशी नवी मापे काढली. बंदुकीचे जग आजही त्या सरकारी आदेशाचे अवशेष वागवते आहे. अशा रायफलीच्या दोन नळ्या टोकाकडे किंचित जवळ आणलेल्या असतात. उजवी नळी उडताना धक्क्याने उजवीकडे सरकते, डावी डावीकडे; हे सरकणे जमेस धरूनच कारागीर त्या जोडतो. .४७० साठी हे गणित ५०० ग्रेनची गोळी आणि २१५० फूट वेग यांवर बेतलेले असते. काडतूस मंद भरले, तर गोळी नळीत जास्त काळ रेंगाळते आणि दोन्ही नळ्यांचे बार एकमेकांपासून दूर पडतात. जलद भरले, तर ते एकमेकांना ओलांडतात. तेव्हा येथे भरणाऱ्याला स्वातंत्र्य फारसे नसते. शतकापूर्वीच्या कारागिराने ठरवलेला वेग नव्या दारूने पुन्हा गाठणे, एवढेच त्याचे काम.

उरतो तो धक्क्याचा प्रश्न. .४५८ चा धक्का सामान्य .३०-०६ रायफलीच्या जवळपास तिप्पट असतो. मॅगझिनमध्ये वाट पाहणारी काडतुसे त्या धक्क्याने पुढे आपटतात आणि त्यांच्या गोळ्या पुंगळीत आत ढकलल्या जाऊ शकतात. दारूची जागा आक्रसली की दाब चढतो. यासाठी पुंगळीचे तोंड गोळीवरील खाचेत पक्के दाबून घेतात. नंतर दोन-तीन बार झाल्यावर मॅगझिनमध्ये उरलेले काडतूस काढून त्याची लांबी पुन्हा मोजतात. निघण्यापूर्वी प्रत्येक काडतूस त्याच रायफलीच्या मॅगझिनमधून नळीत नेऊन, बोल्ट बंद करून बाहेर काढायचे असते. जे किंचितही अडेल, ते सरावाच्या डब्यात. रानात नेण्याची वीस-पंचवीस काडतुसे अशा रीतीने निवडली जातात. रेड्यासाठी अनेक जण पहिले काडतूस मऊ टोकाचे आणि मागची सर्व टणक गोळ्यांची लावतात. कारण पहिल्या बारानंतर जनावर पाठ फिरवून पळते, आणि मग गोळीला मागच्या बाजूने पोटाची सारी लांबी पार करून छातीपर्यंत पोचायचे असते.