शिगेवर मांस आणि भाज्या घरी भाजताना: आजार नेमका कुठून शिरतो?

गेल्या जानेवारीत एकाच कुटुंबातले चार जण एका सकाळी माझ्या दवाखान्यात आले. दोन दिवसांपूर्वी त्यांनी गच्चीवर शेगडी पेटवून बीफ (म्हणजे आपल्याकडे मिळते ते म्हशीचे मांस) आणि भाज्या शिगांवर भाजल्या होत्या. तिघांना बेताचे जुलाब होते. सगळ्यात वाईट अवस्था आजींची होती. ताप, उलट्या, कोरडी पडलेली जीभ. आणि गंमत म्हणजे आजींनी मांस खाल्लेच नव्हते. दात पडल्यापासून त्यांनी ते सोडले आहे. त्यांनी फक्त ढोबळी मिरची, कांदा आणि मश्रूम खाल्ले होते.

विचारत गेलो तेव्हा उलगडा झाला. मांस मुरवलेल्या पातेल्यात बराच मसाला उरला होता. तो वाया कशाला घालवायचा म्हणून कोणीतरी भाजून झालेल्या भाज्यांवर ब्रशने लावला. पुढे शौचाच्या तपासणीत साल्मोनेला हा जंतू सापडला. आजींना तीन दिवस सलाइनवर ठेवावे लागले, कारण वयामुळे शरीरातले पाणी कमी होणे त्यांना सोसत नाही.

लोकांचे सगळे लक्ष निखाऱ्यावर असते. आजार बहुतेक वेळा त्याच्या आधी किंवा नंतर शिरतो.

मुरवल्याने जंतू मरत नाहीत

दही, लिंबू, व्हिनेगर, आले-लसूण, हळद एवढे सगळे लावल्यावर जंतू कसे राहतील, असे मला नेहमी विचारले जाते. राहतात. घरगुती मसाल्यातली आंबट चव मांसाचा पृष्ठभाग मऊ करते, चव आत नेते, पण जंतू मारण्याची खात्री त्यात नाही. कच्च्या पपईचेही तेच: ती मांस मऊ करते, निर्जंतुक करत नाही.

म्हणून मसाला लावलेले मांस ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्ये झाकून ठेवा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. कच्चे मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा ३२ च्या वर असेल तर, एका तासापेक्षा जास्त नाही. 'पाहुणे आले की भाजू' म्हणून दुपारपासून बाहेर काढून ठेवलेले पातेले मला शेगडीपेक्षा जास्त धोक्याचे वाटते.

मसाला भाज्यांना किंवा शेवटी वरून लावायला हवा असेल तर मांस घालण्यापूर्वीच थोडा वेगळ्या वाटीत काढून ठेवा. उरलेला वापरायचाच असेल तर तो चांगला खळखळून उकळा. आजींच्या घरी आता वाटी वेगळी असते.

मांस नळाखाली धुण्याची आपली सवय मोडणे कठीण आहे, हे मला माहीत आहे (माझ्याही घरी मोडलेली नाही). पण धारेचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर आणि धुतलेल्या भांड्यांवर उडतात. धुवायचेच असेल तर खोल भांड्यात, हळू धुवा आणि नंतर सिंक साबणाने घासा.

तुकडा आणि खिमा यांत मोठा फरक आहे

मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात. बाहेरून चांगली आच लागली की ते मरतात. खिमा करताना हीच बाहेरची बाजू आत मिसळली जाते. त्यामुळे खिम्याचा कबाब मध्यभागापर्यंत पूर्ण शिजलाच पाहिजे. मसाला मुरावा म्हणून तुकड्याला काट्याने टोचे मारता, तेव्हाही बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. तसे केले असेल तर तो तुकडा खिम्यासारखाच समजा.

मांसात टोचायचा थर्मामीटर आता सहज मिळतो, फार महागही नाही. तुकड्याच्या मध्यभागी बीफ किंवा मटणासाठी ६३ अंश, आणि उतरवल्यावर तीन मिनिटे थांबायचे. खिम्यासाठी ७१ अंश, चिकनसाठी ७४. रंगावर विश्वास ठेवू नका. मसाल्यातली साखर आणि दही बाहेरून लवकर करपतात आणि आत मांस कच्चेच राहते. थर्मामीटर नसेल तर तुकडे लहान आणि सारख्या आकाराचे करा, शिगेवर एकमेकांना चिकटवून खोचू नका, आणि सर्वांत जाड तुकडा कापून पाहा. घरात गर्भवती, पाच वर्षांखालचे मूल, वयस्कर माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल तर त्यांना अर्धकच्चे मांस अजिबात देऊ नका.

भाज्यांसाठी शीग वेगळी ठेवा. मांस आणि ढोबळी मिरची एकाच वेळी शिजत नाहीत. कच्चे मांस ठेवलेल्या ताटात भाजलेले परत ठेवू नका. चिमटाही बदला किंवा मधे धुवा.

करपलेले खाल्ले तर कर्करोग होतो का?

हा प्रश्न मला वारंवार येतो. फार जास्त आचेवर मांस करपते आणि चरबी निखाऱ्यावर गळून धूर होतो, तेव्हा काही घातक रसायने तयार होतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले. पण हा गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. महिन्यातून एकदा खाल्ल्याने घाबरू नका. चरबी काढून टाका, ज्वाळेऐवजी राख चढलेल्या निखाऱ्यावर भाजा, काळे पडलेले कापून टाका. मुरवलेल्या मांसात यातली काही रसायने कमी तयार होतात असे दिसते, तेव्हा मसाल्याचा तेवढा फायदा आहेच. तसाच त्यातल्या मिठाचा तोटाही: रक्तदाब किंवा किडनीचा आजार असेल तर सॉस आणि मीठ मोजून घाला.

शेगडी घरात आणू नका

पाऊस आला किंवा थंडी वाजली म्हणून शेगडी बंद गॅलरीत किंवा खोलीत आणणे जिवावर बेतू शकते. जळत्या आणि विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी येते, आणि लोक त्याला 'जेवण बाधले' म्हणतात. कोविडच्या वेळी घेतलेले ऑक्सिमीटर इथे फसवते: ऑक्सिजन कमी असूनही ते ९८ दाखवू शकते. घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले तर आकड्याकडे न पाहता सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि रुग्णालय गाठा.

जुलाब लागले तर

सुरुवातीपासून ओआरएस घोटघोट द्या. जुलाब थांबवणारी गोळी आणि घरात उरलेली अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका. नीट न शिजलेल्या बीफमधून, विशेषतः खिम्यातून, ई. कोलायचा एक प्रकार येऊ शकतो. त्यात ही औषधे नुकसान करू शकतात, आणि लहान मुलांची किडनी त्याने बंद पडू शकते. हे जुलाब सुरू झाल्यावर साधारण आठवडाभरात, कधी कधी जुलाब बरे वाटू लागल्यावरही होते. म्हणून शौचात रक्त, लघवी कमी होणे, मूल पांढरे फटक किंवा मलूल दिसणे, पाणीही पोटात न टिकणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

येताना गेल्या पाच-सहा दिवसांत कोणी काय आणि कधी खाल्ले ते कागदावर लिहून आणा. दोष नेहमी कालच्या जेवणाला दिला जातो, पण यातले काही जंतू तीन-चार दिवसांनी त्रास सुरू करतात. आणि मांस न खाणाऱ्या माणसाचेही नाव त्या कागदावर असू द्या.