कमीपणा आणि गंड

चिचगडचं पोरगं गोंदियाला शिकायला जातं. तोंडून झाडीबोलीतला एखादा शब्द निसटतो, वर्ग हसतो, पोरगं मागच्या बाकावर सरकतं. आपण लगेच म्हणतो, न्यूनगंड! व्हिएन्नाच्या मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलरनं (१८७०-१९३७) एवढी घाई केली नसती. हा डॉक्टर स्वतः लहानपणी मुडदुसानं गांजलेला. १९११मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडपासून वेगळा झाला. कमीपणा सगळ्यांनाच वाटतो आणि तोच माणसाला धडपडायला लावतो, असं त्याचं म्हणणं. धडपडच थांबली, की तो गंड. नुसत्या कुरघोडीसाठी चाललेली धडपडही त्याच्या लेखी बिघडलेलीच. ती चारचौघांच्या उपयोगी पडायला हवी. धानाच्या रोवणीच्या चिखलात एका ओळीत वाकणाऱ्या बायांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. वर्गात असं मागच्या बाकावर सरकलेलं पोरगं दिसलं, तर त्याला आधी शेजारी बसवून घ्या.