बेडकाच्या जीनोममध्ये नवं जनुक : कापणं सोपं, बसवणं अवघड

गैरसमज : क्रिस्पर डीएनए कापतं आणि हवं ते जनुक तिथे चिकटवतं.

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. क्रिस्परमधलं कॅस-९ हे प्रथिन मार्गदर्शक आरएनएमधल्या सुमारे २० अक्षरांच्या मदतीने जागा शोधतं आणि डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. त्याची नोकरी तिथे संपते. पुढचं जोडकाम पेशीची स्वतःची दुरुस्ती यंत्रणा करते, आणि ती बहुतेक वेळा घाईतल्या शिंप्यासारखी वागते : टोकं जवळ ओढायची, टाके मारायचे, दोनचार धागे गेले तर गेले. जनुक बंद पाडायचं असेल तर ही घाई सोयीचीच. त्या दोनचार अक्षरांच्या फरकाने जनुकाचा पुढचा सगळा मजकूर बिघडू शकतो. नवं जनुक बसवायचं तर मात्र सोबत डीएनएचा तुकडा द्यावा लागतो, त्याच्या दोन्ही टोकांना कापलेल्या जागेच्या आजूबाजूचा मजकूर जोडावा लागतो आणि पेशी तो नमुना समोर धरून दुरुस्ती करेल अशी आशा ठेवावी लागते.

बेडकाच्या भ्रूणात ही आशा आणखी बारीक होते. प्रयोगशाळेतला बेडूक म्हणजे झेनोपस, आफ्रिकेतला, नखं असलेला आणि जन्मभर पाण्यात राहणारा. आपल्या कॉलेजात एकेकाळी डिसेक्शनच्या ट्रेमध्ये असायचा तो बेडूक हा नव्हे. झेनोपस लेविसचं अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. फलन झालं की सिस्टीनच्या द्रावणात त्याच्यावरचं चिकट आवरण काढून टाकतात आणि काचेच्या सुईने काही नॅनोलिटर द्रव आत सोडतात. फलनानंतर साधारण दीड तासात पहिलं विभाजन होतं, मग दर अर्ध्या तासाला एक. डीएनएची प्रत काढ, विभाग, पुन्हा प्रत काढ. या धबडग्यात पेशी नमुना बघून दुरुस्ती करत बसत नाही, टोकं जोडून मोकळी होते.

गैरसमज : डीएनए टोचला की तो गुणसूत्रात शिरतो. भ्रूण हिरवं चमकलं म्हणजे झालंच.

यात नवखे हमखास फसतात. भ्रूणात टोचलेला डीएनए बहुतांशी गुणसूत्राबाहेरच राहतो. तुकड्याला तुकडा जोडून लांब साखळ्या होतात, त्या काही पेशींत जातात, काहींत जात नाहीत. त्यांच्यावर खूण म्हणून जोडलेलं हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक मात्र तिथूनही काम करतं, म्हणून भ्रूण चमकतं. तुकडा ठरलेल्या जागी बसला का, हे पीसीआर करून आणि दोन्ही सांध्यांवरची अक्षरं वाचूनच कळतं. नुसत्या सुंदर फोटोवर माझा तरी विश्वास बसत नाही.

गैरसमज : टोचलेल्या अंड्यातून पूर्ण बदललेला बेडूक निघतो.

टायरोसिनेज या जनुकावरचे प्रयोग बघितले की हे खरं नसल्याचं डोळ्यांनी दिसतं. ते जनुक मोडलं की काळा रंग तयार होत नाही. काही बेडूकमासे पूर्ण पांढुरके निघतात, पण पुष्कळांच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात, कारण कॅस-९ची कात्री काही पेशींत एका वेळी चालली, काहींत दुसऱ्या वेळी, काहींत चाललीच नाही. याला मोझेक म्हणतात. बसवलेलं जनुक पुढच्या पिढीत जायचं तर ते बीजपेशींत असावं लागतं. म्हणून मोझेक बेडूक मोठा होऊ द्यायचा, त्याची साध्या बेडकाशी जोडी लावायची आणि पिल्लं तपासायची. झेनोपस ट्रॉपिकॅलिस चार ते सहा महिन्यांत वयात येतो, लेविसला वर्षभर किंवा जास्त लागतं. शिवाय लेविसकडे एका प्राचीन संकरामुळे बऱ्याच जनुकांच्या दोन-दोन जोड्या आहेत. ट्रॉपिकॅलिसचं तसं नाही. जनुकशास्त्रज्ञांचा ओढा त्याच्याकडे आहे तो यामुळेच.

मोझेक टाळायची एक भन्नाट वाट आहे. फलन झालेल्या अंड्याऐवजी अंडाशयातून काढलेल्या अपक्व अंडपेशीतच कॅस-९ आणि नमुना-डीएनए टोचायचा. समान मजकूर ओळखून जुळणी करण्याची क्षमता या पेशींत बरीच जास्त असते. मग त्या प्रोजेस्टेरॉनने पक्व करायच्या, ओळखण्यासाठी रंगवायच्या आणि दुसऱ्या मादीच्या पोटात ठेवायच्या. तिच्या अंडनलिकेत त्यांच्यावर आवरण चढतं, ती आपल्या अंड्यांबरोबर त्यांनाही घालते आणि मग त्यांचं फलन करायचं. २०१७ साली या पद्धतीने पहिल्याच पिढीत जनुक बसवलेले, मोझेक नसलेले भ्रूण मिळाले. हात बसलेला माणूस मात्र हवा. सुई आणि सूक्ष्मदर्शक असलेल्या प्रत्येकाला हे जमत नाही.

गैरसमज : हे सगळं क्रिस्पर आल्यावर सुरू झालं.

बेडकात क्रिस्पर २०१३ मध्ये आलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये, क्रिस्टन क्रोल आणि एन्रिके अमाया यांनी शुक्राणूंच्या केंद्रकांत डीएनए मिसळून ती केंद्रकं अंड्यात सोडली होती. पहिल्या विभाजनाआधीच डीएनए गुणसूत्रात शिरत असे, त्यामुळे मोझेकचा प्रश्न फारसा नव्हता. तो कुठे शिरेल आणि त्याच्या किती प्रती शिरतील, हे मात्र नशिबावर. पुढे याच कामासाठी मेगान्यूक्लिएज आणि ट्रान्सपोझॉन आले. ते वापरायला सोपे होते, पण जागा त्यांतही निवडता येत नव्हती. जागा निवडता येणं हीच नव्या तंत्राची खरी कमाई.

गैरसमज : ‘झेनोबॉट’ म्हणजे जनुकं बदललेले बेडूक.

नाही. २०२० मध्ये गाजलेले ते पेशींचे गोळे लेविसच्या भ्रूणातल्या पेशी कापून-जोडून केले होते. जनुकांना हात लावलेला नव्हता.

राहिली भीती, की जनुकं बदललेले बेडूक प्रयोगशाळेतून सुटले तर काय होईल. काळजी रास्त आहे, पण तिचं कारण जनुक-संपादन नव्हे. १९३० च्या दशकापासून गर्भधारणा चाचणीसाठी लेविस जगभर नेला गेला : स्त्रीची लघवी मादीला टोचायची, तिने काही तासांत अंडी घातली तर चाचणी सकारात्मक. चाचण्यांसाठी आणि प्रयोगशाळांसाठी नेलेले आणि पाळीव म्हणून विकलेले हे बेडूक सुटले, काही सोडून दिले गेले, आणि कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स इथल्या पाण्यात ठाण मांडून बसले. तिथे ते स्थानिक जीवांना खातात. त्यांच्या जीनोममध्ये कुणी एक अक्षरही बदललेलं नाही.